बाकीचे दिवस दीड

आमच्या घरातल्या अडकित्त्यानं गेल्या वीसेक वर्षांत एकही सुपारी कातरलेली नाही. बाबा गेले, पानाचा डबा माळ्यावर गेला, पण अडकित्ता आईनं खालीच ठेवून घेतला. देवाच्या फळीवर, औषधांच्या डब्याला लागून. त्यानं ती गोळी कापते. ब्लेडनं कापली तर अर्धा तुकडा उडून कपाटाखाली जातो, सुरीखाली चुरा होतो. अडकित्त्यात मात्र मधोमध दुभंगते. अर्धी तोंडात, अर्धी एका जुन्या बामच्या डबीत, पुढच्या दिवसासाठी.

"सोम-बुध-शुक्र दोन, बाकीचे दिवस दीड." डॉक्टरांनी कधीकाळी केसपेपरवर लिहून दिलेलं हे वाक्य आई आरतीसारखं म्हणते. रात्री आठच्या बातम्या लागल्या की गोळी. लालबागच्या आमच्या चाळीत पाणी जाईल, वीज जाईल, गणपतीच्या दिवसांत ढोल-ताशात स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येणार नाही, पण आईची गोळी चुकणार नाही. चार वर्षांपूर्वीच्या श्रावणात ती मरणाच्या दारापर्यंत जाऊन आली, तेव्हाही तिनं एकही गोळी चुकवलेली नव्हती. पुष्कळ दिवस मला तेच पटत नव्हतं.

आईचं हृदय लहानपणीच बिघडलं होतं. संगमेश्वराकडच्या एका वाडीत, आठ-नऊ वर्षांची असताना तिचा घसा धरला, मग ताप, मग सांधे. आज गुडघा सुजला, तर परवा मनगट. आजीनं शेक दिला, अंगारा लावला, महिन्याभरात पोर खेळायला लागली. संधिवाताचा तो ताप सांध्यांना चाटून जातो आणि हृदयाला चावतो, असं डॉक्टर लोक म्हणतात. तो चावा कळायला पंचवीस वर्षं लागली. तोवर आई मुंबईत आली होती, 18 जानेवारी 1982 चा गिरणी संप बघून चुकली होती, आणि बाबांची गिरणी पुन्हा काही धड सुरू झाली नाही म्हणून घरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत अकरा माणसांची खानावळ चालवत होती. जिना चढताना दम लागायचा. पोळ्या लाटून लाटून लागतो, असं तिनंच स्वतःला सांगून ठेवलं होतं. 1998 साली परळला ऑपरेशन झालं. डाव्या बाजूची मिट्रल झडप काढून तिथं धातूची बसवली. आपल्याच देशात, त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेत घडवलेली. ही झडप माणसाच्या छातीत पहिल्यांदा बसवली ती 1990 च्या डिसेंबरात. म्हणजे आईच्या वाट्याला आली तेव्हा ती आठ वर्षांची होती.

झडपेला आवाज असतो. रात्री दोन-अडीचला, शेवटची लोकल गेलेली आणि पहिली सुटायची असते, तेवढ्या वेळात मी आईशेजारी झोपले असले तर मला तो ऐकू येतो. स्वस्तातल्या हातघड्याळासारखा, टिक टिक टिक. लहानपणी पाहुणी आलेली एक मावसबहीण घड्याळ शोधत उशी उचकटत बसली होती.

धातूवर रक्त साकळतं. साकळलेली गुठळी झडपेत अडकली तर हृदय थांबतं, सुटून मेंदूत गेली तर अर्धं अंग जातं. म्हणून ही गोळी, असिनोकुमॅरॉल. हिच्याच कुळातलं जास्त नावाजलेलं औषध वॉरफरिन. आपण सगळे त्यांना 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतो. खरं तर रक्त काही पातळ होत नाही, ताकात पाणी घालावं तसं. ते तेवढंच दाट राहतं, फक्त गोठायला उशीर लावतं. पण शब्द बसून गेलाय. आई तर म्हणायची, "तुझ्या बापाच्या संपात एवढं रक्ताचं पाणी केलं, आता आणखी काय पातळ करायचं राहिलंय?"

गोठायला किती उशीर लागतो ते मोजायचं माप म्हणजे आयएनआर. निरोगी माणसाचा 1 च्या आसपास. आईचा 2.5 ते 3.5 मध्ये हवा. खाली गेला तर गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव. एवढ्याशा चिंचोळ्या बोळातून ती वीस वर्षं चालत होती. दर महिन्याला सकाळी रक्त द्यायचं, संध्याकाळी आकडा आणायचा, आणि तो कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाच्या खाली लिहून ठेवायचा. 2.8. 3.1. 2.4, त्यापुढे आईचं उद्गारचिन्ह. नापास झाल्यासारखं तोंड करून बसायची त्या दिवशी.

आता त्या श्रावणाकडे येते.

तो महिना आमच्याकडे पालेभाजीचा नाही. चातुर्मासाचा जुना नेम आहे: श्रावणात शाक, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात डाळ सोडायची. पुढचे तीन महिने आईला कधी जमले नाहीत, पण श्रावणातली पालेभाजी ती नेमानं सोडायची. एरवी आमच्या घरी आठवड्यातून चार दिवस पाला शिजतो. मेथी, शेपू, चवळई, लाल माठ, आणि अळूचं फदफदं तर असं की खालच्या मजल्यावरून वाट्या वर येतात. या सगळ्या हिरव्या पानांत के जीवनसत्त्व असतं, आणि यकृत रक्त गोठवायचा माल तयार करतं तो त्याच्याच जोरावर. आईची गोळी या के जीवनसत्त्वाच्या वाटेत आडवी पडते. तेव्हा तिचे दोन आणि दीड हे आकडे मुळात आमच्या घरच्या मेथीला धरून ठरलेले. एका बाजूला पाला, एका बाजूला गोळी, असा काटा स्थिर होता. श्रावण लागला आणि एका पारड्यातला पाला उचलला गेला. मागच्या श्रावणांतही हे होत असणार. थोडा आकडा वर जायचा, महिन्याच्या तपासणीत पकडला जायचा, डॉक्टर आठवडाभर अर्धी कमी करायचे. आम्हाला त्याचं कारण कधी उमगलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

त्या वर्षी तपासणीच राहिली. जायच्या दिवशी हिंदमाताला कमरेएवढं पाणी. दुसऱ्या दिवशी वहिनीला ताप. मग आई म्हणाली, "या महिन्याचं पुढच्या महिन्यात करू, मेला कुठं पळून जातोय आकडा?"

मग जुलाब. पावसाळ्यात अख्ख्या मजल्याचंच पोट बिघडलं होतं, टाकीत काहीतरी गेलं असणार. संध्याकाळी ऑफिसातून येताना नाक्यावरच्या केमिस्टकडे थांबले. फोर्टात बँकेत नोकरी करते मी, कर्जाच्या फायलीतला अल्पविराम सुटलेला मला दिसतो. "आईला लूज मोशन होतायत" एवढंच बोलले. त्यानं मेट्रोनिडाझोलची पट्टी कापून दिली, दिवसातून तीनदा, पाच दिवस. चिठ्ठी त्यानं मागितली नाही, आणि आई दुसरी कुठली औषधं घेते हे मी सांगितलं नाही. सुचलंच नाही. ती गोळी हृदयाची होती, ही पोटाची. दोन वेगळी खाती.

मला आज वाटतं की आमच्या घरांतला सगळा घोळ या खात्यांत आहे. छातीत कळ आली की टॅक्सी, मोठं हॉस्पिटल, शेजारचे चौघे धावत. पोटात कळ आली की ओवा. छाती डॉक्टरची, पोट स्वयंपाकघराचं. पोटाचं दुखणं म्हणजे काहीतरी खाल्ल्याचं दुखणं, थोडंसं लाजेचं आणि थोडंसं विनोदाचं. बाईच्या जातीनं तर ते बोलूनही दाखवायचं नाही.

यकृतात एक विकर असतं, ते रक्त पातळ करायच्या औषधाचा निचरा करतं. मेट्रोनिडाझोल नेमकं त्याचंच तोंड दाबून धरतं. वरून नळ चालूच, खाली मोरी तुंबलेली. आई आपली सोम-बुध-शुक्र दोन आणि बाकीचे दिवस दीड घेत होती आणि अंगात ती साठत चालली होती. भरीला पोट बिघडलं म्हणून तिनं जेवण तोडलेलं, नुसती पेज आणि मऊ भात. त्यातच समोरच्या खोलीतल्या काकूंनी, अगदी मायेनं, स्वतःच्या गुडघेदुखीची डायक्लोफिनॅक तिला दिली, कारण पावसात हिचेही गुडघे धरले होते. ती गोळी पोटाच्या अस्तराला कुरतडते आणि रक्तातल्या गोठवणाऱ्या कणांना झोपवते. म्हणजे नेम देवासाठी धरलेला, पट्टी मुलीनं आणलेली, डायक्लोफिनॅक शेजारणीनं दिलेली. वाईट चिंतणारं कोणी नव्हतंच.

खुणा होत्या. दात घासताना आईच्या चुळीत लाल यायचं, ती म्हणाली ब्रश नवीन आहे. दंडावर, बादलीची कडी घासते तिथं, जांभळ्या रंगाचा मोठा डाग. वहिनीनं विचारलं तर म्हणे दाराला लागलं. आणि संडास काळी होत होती, डांबरासारखी. हे तिनं आम्हाला नंतर, वॉर्डात, मान फिरवून सांगितलं. आमचे संडास मजल्याच्या टोकाला, सामायिक, आणि त्यात जो बल्ब लावतात तो चोरीला जाऊ नये म्हणून इतक्या कमी उजेडाचा की माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत. आणि दिसलं असतं तरी? तिला लोहाच्या गोळ्या चालू होत्या, त्यांनीही काळी होते. दोन्हींतला फरक असा की पोटातल्या रक्ताची काळी चिकट असते आणि तिला एक वेगळाच, विसरता न येणारा वास असतो. मला हे आता माहीत आहे.

गुरुवारी रात्री पोट दुखायला लागलं. बेंबीच्या वर, डावीकडे, येऊन-जाऊन. ओवा-मीठ दिलं. हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावलं. शुक्रवारी, जिवतीच्या पूजेच्या दिवशी, पुरण शिजलं होतं घरात. आईनं वासानंच ओकारी काढली. ती हिरवट होती. पोट ढोलासारखं, जुलाब तर थांबलेले. "बघ, गोळीनं गुण आला," मी म्हणाले. हे वाक्य माझं आहे, दुसऱ्या कोणाच्या तोंडी घालता येत नाही. जुलाब थांबले नव्हते, वाट बंद झाली होती.

शनिवारी पहाटे तिला घेऊन गेलो. कुठं ते लिहीत नाही. तिथल्या कॅज्युअल्टीत पहिले तीन तास तिला गॅसचं इंजेक्शन देऊन बाकावर बसवलं होतं हे मात्र लिहिते. मग एक निवासी डॉक्टर आली, विशीतली पोरगी, डोळ्यांखाली दोन रात्रींचं जागरण. तिनं आईच्या छातीवरचा उभा व्रण बघितला आणि एकदम पवित्रा बदलला. "मावशी, गोळी कुठली घेता?" आईनं आरती म्हटली. डॉक्टर दंडावरच्या डागाकडे बघत होती. "आणि गेल्या आठ दिवसांत नवीन काय घेतलंत?"

मी पर्समधून रिकामी पट्टी काढून दिली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली, मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आयएनआर आला 11.2.

सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन. मला वाटत होतं आतडं फाटलं. फाटलं नव्हतं. लहान आतड्याचा मधला जो भाग, जेजुनम, त्याच्या वीतभर लांबीच्या भिंतीत रक्त उतरलं होतं. आत पोकळीत नाही, बाहेर पोटात नाही, भिंतीच्या दोन थरांच्या मधोमध. थोडं झिरपून खाली गेलं तेच काळं झालं. डॉक्टरनं पडद्यावर दाखवलं: निरोगी आतड्याच्या कडा कागदासारख्या पातळ, आणि हा तुकडा डोनटसारखा जाड, पांढरट. ताजं रक्त स्कॅनमध्ये पांढरं दिसतं. मधली वाट दोरा जाईल एवढी. मला डोनटऐवजी आमच्या चाळीची पश्चिमेकडची भिंत आठवली. पावसाळ्यात तिच्यात पाणी मुरतं, गिलावा फुगून खोलीत येतो, आणि कपाट सरकवावं लागतं.

रक्त पातळ करायची औषधं घेणाऱ्या अडीच हजार माणसांत वर्षाला एखाद्याला हे होतं, असा हिशेब वैद्यकात सांगतात. पोटाला मार लागून असं झालं तर ते बहुधा त्याच्या आधीच्या भागात, ड्युओडेनममध्ये होतं. औषधानं झालं की जेजुनममध्ये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे ओळखू आलं तर सहसा पोट कापावं लागत नाही. पूर्वी स्कॅन नव्हते तेव्हा आतडं अडलं म्हणून पोट उघडायचे आणि आत हा जांभळा लोंबता तुकडा बघून कापून टाकायचे. त्या पोरीनं ओळखलं. ती जेमतेम माझ्या भाचीच्या वयाची. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही, पण आमच्या घरी गणपतीचा पहिला प्रसाद अजून तिच्या नावानं बाजूला निघतो.

उपचार ऐकायला सोपे. गोळी बंद, तोंडानं काही नाही, नाकातून पोटात नळी, सलाईन, आणि के जीवनसत्त्व. पण इथं पेच होता. के जीवनसत्त्व भरपूर दिलं तर रक्तस्राव झटकन थांबेल, आणि तितक्याच झटकन धातूच्या झडपेवर गुठळी धरेल. मग पुढचे कित्येक दिवस गोळीचा असरही होईना. हृदयाचे डॉक्टर खाली आले, पोटाचे सर्जन वर गेले, आणि आईच्या खाटेशी उभे राहून दोघं हळू आवाजात घासाघीस करत होते, दादरच्या मार्केटात जुडीचा भाव करावा तशी. शेवटी इंजेक्शन थोडं आणि बाकी प्लाझ्मा, म्हणजे दुसऱ्याच्या रक्तातला गोठवायचा माल असलेला पातळ भाग, तोही हळूहळू, कारण हृदयाला एकदम पाणी झेपत नाही. प्लाझ्माच्या चार पिशव्या. रक्तपेढीनं बदली रक्तदाते मागितले. दादानं मंडळाच्या मंडपात फोन केला. मूर्तीचं काम टाकून सहा पोरं आली, हाताला प्लास्टर ऑफ पॅरिस तसंच. रक्तपेढीतल्या बाईनं आधी त्यांना हात धुवायला पिटाळलं.

त्या रात्री मी आईच्या खाटेखाली चटई टाकून बसले होते. वॉर्डात एवढा आवाज की टिकटिक ऐकू येईना. सारखी उठून तिच्या छातीला कान लावत होते. मग मोबाईल काढला आणि या औषधाचं वाचायला लागले, वीस वर्षांत पहिल्यांदा.

या औषधाची गोष्ट गोठ्यातून सुरू होते. 1920 च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं रक्त वाहून मरायला लागली. शिंगं काढली, खच्चीकरण केलं, की रक्त थांबेचना. कारण निघालं चारा. गोड क्लोव्हरचं गवत ओलं राहून बुरशी धरली की त्यात काहीतरी तयार व्हायचं. 1933 च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी, बाहेर हिमवादळ, ट्रकमध्ये मेलेली कालवड, शंभर पौंड खराब गवत आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन दीड-दोनशे मैल गाडी हाकत विद्यापीठाच्या गावी आला. शनिवार होता. सरकारी पशुवैद्याचं दार बंद. (हे वाचून मला त्या शेतकऱ्याबद्दल एकदम आपलेपणा वाटला.) जे दार उघडं सापडलं ते कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाचं. त्या कॅनमधल्या रक्तापासून पुढची सहा वर्षं खपून लिंकच्या प्रयोगशाळेनं गवतातलं ते द्रव्य वेगळं काढलं, आणि त्याच वाटेनं पुढे वॉरफरिन आलं. ज्या संस्थेनं पैसा दिला त्या विस्कॉन्सिन अ‍ॅलम्नाय रिसर्च फाउंडेशनच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'वॉर्फ', म्हणून ते नाव. 1948 मध्ये ते बाजारात आलं उंदीर मारायला. 1951 मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एका जवानानं जीव द्यायला हे उंदरांचं औषध पुष्कळ खाल्लं, आणि के जीवनसत्त्व दिल्यावर तो ठणठणीत झाला. तेव्हा डॉक्टरांना धीर आला. 1954 मध्ये ते माणसांसाठी मंजूर झालं. 1955 मध्ये हृदयविकाराचा झटका आला तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरनाही हेच दिलं.

उंदीर याला का फसतो, तर हे सावकाश काम करतं. खाल्ल्या खाल्ल्या काही होत नाही, म्हणून त्याला खाण्याचा संशय येत नाही. रक्तात आधीचा गोठवायचा माल शिल्लक असतो, तो संपेपर्यंत दोन-तीन दिवस जातात. आजची गोळी परवा बोलते. सोमवारी मी पट्टी आणली आणि गुरुवारी रात्री आईचं पोट दुखलं, तेव्हा मी गुरुवारचं जेवण आठवत बसले होते.

नळी निघाल्यावर मी तिला हे सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे मी वीस वर्षं उंदराचं औषध खातेय?" मग थोड्या वेळानं, "तरीच तो पालिकेचा उंदीर मारणारा रात्री बॅटरी घेऊन आपल्या खोलीसमोर घुटमळतो."

पाच दिवस तिनं तोंडात पाण्याचा थेंब घेतला नाही. वॉर्डात दर सकाळी राउंडला सात-आठ पांढरे कोट तिच्याभोवती गोळा व्हायचे आणि सगळ्यात मोठे डॉक्टर वाकून, अत्यंत गंभीरपणे विचारायचे, "आजी, वारा सरला का?" आई डोळे मिटून घ्यायची. आयुष्यात जी गोष्ट तिनं नवऱ्यासमोर कबूल केली नसती ती आठ परक्या माणसांना तोंडी कळवायची होती. सहाव्या दिवशी पहाटे तिनं मला हलवून उठवलं आणि कानाशी म्हणाली, "गो बाय, सांग त्यांना. सरला." मी नर्सच्या टेबलापर्यंत पळत गेले. नर्सनं वहीत वेळ लिहिली. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं हात जोडले.

भिंतीतलं रक्त शरीर आपोआप शोषून घेतं. दोनेक आठवड्यांत दुसरा स्कॅन केला तर आतडं जवळपास पूर्वीसारखं, कागदासारखं. मधल्या काळात झडपेवर गुठळी धरू नये म्हणून हेपॅरिनची इंजेक्शनं, आणि मग पुन्हा तीच गोळी. तिला पर्याय नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या अण्णांना हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून नवीन जातीची गोळी आहे. तिला महिन्याचा आयएनआर लागत नाही, मेथी चालते. वहिनीनं विचारलं, आईला तीच का नाही? धातूच्या झडपेला ती चालत नाही. डॅबिगॅट्रान हे त्यातलं एक औषध झडपवाल्या रुग्णांवर तपासून पाहिलं, तर गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त. चाचणी मधेच थांबवावी लागली, 2013 मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. आणि अण्णांनीही निर्धास्त राहायचं कारण नाही. त्या गोळ्यांनीही पोटात रक्त जातं, काहींनी तर जुन्या औषधापेक्षा जास्त. मी त्यांना काळ्या संडासचं सांगितलं तेव्हा अण्णा अवघडले. मी नाही अवघडले. माझी लाज त्या वॉर्डात गेली.

मराठीत आतड्याला फार मोठं काम दिलंय. जवळचं माणूस ते आतड्याचं माणूस. लेक सासरी निघाली की आईचं आतडं तुटतं. इतर कुठल्या अवयवावर आपण एवढी माया लादलेली नाही. आणि तेच आतडं खरोखर दुखायला लागलं की आपण त्याला ओवा देतो. त्या दिवसांत बघायला येणारी प्रत्येक बाई "आतड्याला काय झालं?" विचारायच्या आधी "काय खाल्लंन?" विचारत होती. मी आधी सगळं सांगायचे, मेट्रोनिडाझोलसकट. चौथ्या-पाचव्या पाहुणीपासून "पोट बिघडलं होतं" म्हणायला लागले. आईनं ते ऐकलं. पाहुणी गेल्यावर म्हणाली, "खरं सांगत जा. त्यांच्या घरातबी कोण तरी खात असंल ही गोळी."

मी आणलेल्या पट्टीबद्दल ती मला एकदाही काही बोलली नाही. मीच विषय काढला तर, "जुलाबाला जुलाबाची गोळी आणलीस, त्यात काय चुकलं?" म्हणून भाजी निवडायला घेते. आणि मग ती देठं मोडत असते त्या आवाजात मला उत्तर शोधावं लागतं.

काही गोष्टी बदलल्या. केसपेपरची झेरॉक्स माझ्या पर्समध्ये असते, दादाच्या पाकिटात असते, आणि एक प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराच्या आत खिळ्याला. नाक्यावरच्या केमिस्टकडे आई आता स्वतः जाते आणि साधी सर्दीची गोळी घेतानाही त्याला विचारते, "हिची माझ्या गोळीशी पटते का?" तो बिचारा हल्ली मोबाईलमध्ये बघून सांगतो. काकूंच्या डायक्लोफिनॅकवर कायमची बंदी, गुडघ्याला शेक. पालेभाजीबद्दल पूर्वी वॉर्डातून आलेल्या एका कागदावर 'हिरव्या भाज्या टाळा' असं छापलेलं होतं. हे डॉक्टर म्हणाले, टाळू नका, मोजून खा. कमी नको, जास्त नको, दर आठवड्याला सारखी. आईला हे एकदम पटलं. खानावळवालीला प्रमाण कळतं. मंगळवारी आणि शनिवारी मेथीची अर्धी जुडी, गुरुवारी लाल माठ, अळू पंधरवड्यातून एकदा. कालनिर्णयवर एकादशीच्या चौकटीत आता 'मे' आणि 'मा' अशी अक्षरं दिसतात.

पुढच्या वर्षी श्रावण जवळ आला तशी ती अस्वस्थ झाली. चाळीस वर्षांचा नेम. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, पालेभाजी सोडायची नाही. दोन दिवस देवाच्या फळीसमोर येऊन-जाऊन होती. तिसऱ्या दिवशी रात्री आठच्या बातम्या लागल्या, अडकित्ता कट्‌ झाला, अर्धी गोळी बामच्या डबीत पडली, आणि ती म्हणाली, "मी ठरवलंय. यंदा वांगं सोडते."

वांगं तिला मुळात आवडत नाही. खानावळीत अकरा माणसांसाठी रोज चिरून चिरून तिला त्याचा वीट आलाय, घरात आणूच देत नाही ती. मी काही बोलले नाही. मंगळवार होता. बाकीच्या दिवसांतला.